खांबापलीकडच्या सुमनमावशी

सुमनमावशी कर्णिक पाहुण्यांना चर्च दाखवायला सुरुवात करायच्या ती खांबाला मिठी मारून. पाहुण्यांचा घोळका दारातून आत आला की त्या आधी त्यातला एखादा लांब हातांचा माणूस हेरायच्या, दंडाला धरून त्याला खांबाच्या पलीकडे नेऊन उभं करायच्या, स्वतः अलीकडे येऊन गाल दगडाला टेकवायच्या आणि दोन्ही हात पसरून ओरडायच्या, "स्ट्रेच, माय डिअर, स्ट्रेच!" खांब एवढा जाड की दोन माणसांनी दोन बाजूंनी कव घातली तर बोटांची टोकं जेमतेम भेटतात. मग त्या विचारायच्या, "टेकली का?" हे मात्र कायम मराठीत. इंग्रज पाहुण्यांना ते कसं कळायचं देव जाणे, पण पलीकडून "यस!" असं यायचं. मग मावशी बाकीच्यांकडे वळून सांगायच्या, "हा झाला एक खांब. असे आठ आहेत. चला पुढे."

माझी आणि त्यांची ओळखसुद्धा खांबाच्या दोन बाजूंनीच झाली. मी साउथहॅम्प्टनला जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेत होते आणि प्रबंधासाठी विषय निवडला होता मध्ययुगीन गोल चर्चं. इंग्लंडात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यातलं हे सगळ्यात लहान, बसनं पाऊण तासावरच्या एका खेड्यातलं. मी बार्शीची. वडिलांची पिठाची गिरणी आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असेल, पण कुठल्याही भारदस्त इमारतीत शिरताना मला आजही वाटतं की आता कोणीतरी विचारणार, तू कशाला आलीस? त्या दिवशी मी दारात अशीच घुटमळत होते, तोवर एका ठेंगण्या बाईंनी काही न विचारता मला ओढून खांबामागे उभं केलं. पंजाबी ड्रेस, वर हिरवा कार्डिगन, त्यावर 'गाइड' असा निळा बिल्ला. मी घाबरून दगडाला हात पसरले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं आई गं, केवढा हा!"

पलीकडून आवाज आला, "आई नाही, मावशी. बोटं लांब कर."

मी लांब केली. "टेकली का?"

"नाही हो. थोडंसं राहिलंय."

"टेकली म्हणायचं."

"पण नाही टेकली."

मावशी खांबाला वळसा घालून आल्या आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "इंजिनिअर आहेस का?"

"नाही. जुन्या इमारतींचं जतन शिकते. कॉलेजात."

"म्हणजे तसलंच. अगं, पलीकडचा माणूस तेवढ्या लांबून हात घालून उभा असतो. त्याला बोटभरासाठी नाही म्हणायचं का?" त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "ए कॉलेज," असंच म्हणायच्या. मला ते आवडायचं. बार्शीत मला कोणी अशी हाक मारली असती तर तो टोमणा ठरला असता.

मावशी मूळच्या ठाण्याच्या. लग्न होऊन साउथहॅम्प्टनला आल्या आणि तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रिटायर होईपर्यंत लोकांचं रक्त तपासत राहिल्या. यजमानांना बाग हवी होती म्हणून दोघं या खेड्यात राहायला आली. बाग फुलली आणि यजमान गेले. मुलगा निखिल बायकोसह लंडनच्या कडेला पिनरला राहतो आणि नोकरीला ब्रॅकनेलला जातो. आईला फोन करायचा तर तो गाडीत असताना करतो, आणि बोगदा आला की आईचं वाक्य तुटतं. हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. एकदा मी सहज विचारलं की चर्चमध्ये फुकट काम करायचं कसं सुचलं, तर म्हणाल्या, "मंगळवारी आणि शनिवारी माणसं माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, मग पुढे काय झालं? घरी टीव्हीसुद्धा मला तसं विचारत नाही." आणि बिल्ला सरळ केला. तो बिल्ला त्या बसमध्येही काढत नसत.

चर्चचा इतिहास मी पुस्तकांतून शिकत होते तो असा. जेरुसलेमला ख्रिस्ताच्या रिकाम्या थडग्याभोवती एक गोल इमारत आहे. नॉर्मन काळात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, इथून यात्रेला आणि लढाईला गेलेल्या लोकांनी ती पाहिली आणि परत आल्यावर आपापल्या गावात तशीच बांधायचा प्रयत्न केला. मधे गोल मोकळी जागा, भोवती जाड खांबांचं कडं, त्यांच्यावर अर्धगोल कमानी, आणि खांब व बाहेरची भिंत यांच्यामध्ये फिरायला वाट. भिंतीच्या पायाशी सगळीकडून दगडी बाक. पुढच्या काळात पूर्वेला एक लांबट चौकोनी भाग जोडला.

मावशींकडे हाच इतिहास वेगळ्या भांड्यात असायचा. तारखा दोनच, 'जुनं' आणि 'त्याहून जुनं'. खांबांवर टिचकी मारून सांगायच्या, "वरून घडीव दगड, आत नुसती खडी आणि चुना. करंजी आहे ही. पारी नक्षीदार, सारण काटकसरीचं." चौकोनी भागाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "गोलात माणसं मावेनात. म्हणून मागे एक्स्टेंशन काढलं. सगळे तेच करतात. आधी हौस, मग एक्स्टेंशन. फक्त यांना कौन्सिलची परवानगी लागली नाही." कमानींच्या मध्ये दगडात कोरलेली डोकी आहेत, काही हसणारी, काही जीभ काढलेली. त्या प्रत्येकाला त्यांनी लॅबमधल्या एकेका माणसाचं नाव देऊन टाकलं होतं. "हा आमचा मॅनेजर. रजा मागितली की अस्साच दिसायचा."

मी एकदा व्हिडिओ कॉलवर वडिलांना चर्च दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "सगळंच गोल? मग कपाट कुठं ठेवतात?" मावशींना हे इतकं पटलं की पुढच्या शनिवारपासून त्या दौऱ्यात सांगायला लागल्या, "बार्शीच्या एका अभ्यासकानं इथे मूलभूत प्रश्न विचारला आहे."

पण मावशींची खरी गोष्ट होती ती पुरणपोळीची. कोणीतरी पाहुणा हमखास विचारायचा, हे हुबेहूब जेरुसलेमसारखं आहे का? मावशी थांबायच्या, आवाज खाली आणायच्या. त्यांच्या इंग्रजीतलं ते मी माझ्या मराठीत सांगते. "माझी आई एक गोल गोड पोळी करायची. मी इथे आले आणि तशीच करायला बसले. पीठ इथलं, गूळ मिळेना, जायफळ विसरले. काय झालं? गोल झाली. बाकी काही तसं झालं नाही. पण मी नवऱ्याला काय सांगितलं? आईची पोळी आहे. या लोकांचं तसंच. जेरुसलेम बघून आले, घरी येईपर्यंत निम्मं विसरले. खांब किती ते विसरले, उंची विसरले. एवढं आठवलं की गोल होतं. ही आठवणीनं केलेली पोळी आहे."

ज्यांना हे सगळं अजिबात आवडत नसे ते मिस्टर टिल्बरी. ते गाइड लोकांचे प्रमुख. आयुष्यभर जमिनी मोजण्याचं काम केलेले, उंच, वाळके, आणि कोटाच्या खिशात कायम एक स्टीलचा टेप. अस्वस्थ झाले की ते टेप थोडा बाहेर ओढायचे आणि सोडून द्यायचे. खट्. मावशींच्या दौऱ्याच्या वेळी ते कुठल्या तरी खांबामागे उभे राहून ऐकत असत. खांब जाड असल्यामुळे दिसायचे नाहीत, पण "लॅबमधला मॅनेजर" असं आलं की मागून खट् व्हायचं. मावशी पाहुण्यांना शांतपणे सांगायच्या, "जुनी इमारत आहे. आवाज करते."

शेवटी व्हायचं ते झालं. एका पाहुण्या गृहस्थांची खांबाला मिठी मारताना पाठ धरली. त्यांना बाकावर आडवं करावं लागलं आणि पडल्या पडल्या त्यांनी मिस्टर टिल्बरींना विचारलं की धर्मयोद्धे जायफळ विसरले होते हे खरं का. त्या मंगळवारी मिस्टर टिल्बरी चहाच्या टेबलाशी आले. मी तिथेच होते.

"मिसेस कार्निक," ते फार सभ्यपणे म्हणाले, "कमिटीचा विचार आहे की तुम्ही दौऱ्यांऐवजी चहाकडे यावं. चहा फार महत्त्वाचा असतो."

मावशींनी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"चर्चचं वार्षिक जेवण झालं की. त्या दिवशी आर्चडीकन येणार आहेत, कमिटी तेव्हा ठरवेल." आर्चडीकन म्हणजे बिशपच्या खालोखालचा अधिकारी. या होत्या एक बाई, आणि त्यांचं मत शेवटचं असायचं.

ते गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, कॉलेज. आता दूध किती साखर किती विचारत बसू?" त्यांचा हात बिल्ल्यावर होता. "चहा घेताना कोणी विचारत नाही गं, मग पुढे काय झालं म्हणून."

मी त्यांचा कप उचलून विसळून आणला. अशा वेळी मला तेवढंच जमतं.

पुढच्याच आठवड्यात जेवणासाठी सँडविच करणाऱ्या बाईंचा हात मोडला, आणि मावशींनी जेवणाची जबाबदारी मागून घेतली. मिस्टर टिल्बरींना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. मला वाटलं होतं मावशी बटाटेवडे वगैरे करतील आणि टेबलावर मांडून ठेवतील. त्या म्हणाल्या, "पंगत."

"मावशी, पंगत म्हणजे रांग. इथे रांग कशी बसणार?"

"भिंतीला बाक आहे ना सगळीकडून? त्यावर बसवायचे. मांडीवर ट्रे. गोल इमारत कळायची तर गोल बसावं लागतं."

जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांनी भाताचं मोठं पातेलं नेमकं चर्चच्या मध्यभागी ठेवलं. मिस्टर टिल्बरी धावत आले. "मिसेस कार्निक, जेरुसलेममध्ये या जागी पवित्र थडगं आहे."

"ते रिकामं आहे ना?"

"अर्थात. मुद्दाच तो आहे."

"मग लोक उपाशी नाही ना पाठवायचे. हे भरलेलं असू दे."

खट्.

दुसरा वाद आर्चडीकनबाईंच्या जागेचा झाला. मिस्टर टिल्बरींना त्यांना पंक्तीच्या अग्रभागी बसवायचं होतं आणि अग्रभाग सापडत नव्हता. ते टेप घेऊन दोनदा फिरून आले. मावशी पुरणपोळ्यांवरचं फडकं काढत म्हणाल्या, "मिस्टर टिल्बरी, गोलाला डोकं नसतं. पोट असतं." शेवटी आर्चडीकनबाई आल्या आणि स्वतःच जीभ काढलेल्या डोक्याखाली जाऊन बसल्या. मोठ्या अंगाच्या, हसऱ्या बाई. त्यांनी मला विचारलं, काही रीत आहे का? मी प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्याकडे पंगतीतले सगळे जेवून होईपर्यंत कोणी उठत नाही. त्या म्हणाल्या, "किती सुंदर!" आणि शेजारच्यांना सांगितलं. शेजारच्यांनी त्यांच्या शेजारच्यांना सांगितलं. इमारत गोल असल्यामुळे ते फिरून पुन्हा माझ्यापर्यंत आलं.

वाढायला आम्ही तिघं. निखिल पिनरहून आला होता, त्याच्याकडे पोळ्या. माझ्याकडे वरण-भात. मावशींकडे बटाट्याची भाजी आणि तूप. निखिल इथेच जन्मलेला, त्याच्या मराठीला स्वतःचे नियम आहेत. त्यानं विचारलं, "आई, हा पोळी किती द्यायची?"

"ताट रिकामं दिसलं की दे."

"आणि ते नो थँक्यू म्हणाले तर?"

"म्हणणारच. पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात. आपल्याकडे काय वेगळं असतं?"

आता मी नीट सांगायचा प्रयत्न करते की चूक कुठे झाली, कारण त्या वेळी आम्हा कोणालाच ती कळली नव्हती. इंग्रज माणूस पोट भरलं की ताट स्वच्छ करतो. अन्न टाकणं वाईट, असं त्याला लहानपणी शिकवलेलं असतं. आणि वाढणारा मराठी माणूस स्वच्छ ताट बघतो आणि म्हणतो, अरेरे, याला अजून हवंय. सरळ पंगतीत हे फार चालत नाही, कारण वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोचतो, वळतो, दम खातो. इथे शेवटचं पान नव्हतं. आम्ही फिरत राहिलो. त्यात ते आठ खांब. निखिल कुठपर्यंत पोचलाय ते मला दिसायचं नाही, मी कुठे आहे ते मावशींना दिसायचं नाही, आणि या माणसाला वाढलं की नाही अशी शंका आली तर वाढून टाकावं, एवढं कुठल्याही वाढप्याला कळतं.

सुरुवातीला सगळे खूश होते. तुपाच्या वासानं दगडी डोकीसुद्धा हसल्यासारखी वाटत होती. मग हळूहळू बोलणं थांबलं. चमच्यांचा आवाज तेवढा राहिला. लोक पुढे वाकून, डोळे बारीक करून, निष्ठेनं खात होते. कोणालाच पहिलं थांबायचं नव्हतं. सगळे आर्चडीकनबाई उठायची वाट बघत होते, आणि त्या मी सांगितलेल्या रीतीप्रमाणे सगळ्यांचं संपायची वाट बघत होत्या. कुणाचंच संपत नव्हतं, कारण आम्ही वाढत होतो.

सगळ्यात वाईट अवस्था मिस्टर टिल्बरींची. ते सर्वांत नेमके जेवणारे, म्हणून त्यांचं ताट सर्वांत आधी चकचकीत व्हायचं आणि निखिल सर्वांत आधी त्यांच्याकडे धावायचा. "नो, रिअली, थँक्यू," ते म्हणायचे. मागून मावशी सांगायच्या, "दे रे, लाजतायत." त्यांनी टेप काढायचा प्रयत्न केला, पण खिशापर्यंत हात पोचत नव्हता.

मी वरणाचं भांडं घेऊन पुन्हा एकदा आर्चडीकनबाईंसमोर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. त्या हळूच म्हणाल्या, "माय डिअर, हे थांबतं कसं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण त्यांना सुरुवात शिकवली होती. थांबायचं कसं ते कोणी शिकवलंच नव्हतं. मी बार्शीच्या लग्नांत लहानपणापासून बघितलेलं, ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, मग ब्रह्मदेव आला तरी वाढत नाही. पण हे सांगायला मोठ्यानं बोलायला हवं होतं, इतक्या लोकांसमोर, आणि त्यातल्या एकाला तरी वाटणारच की ही कशाला आली. आणि तिकडे मावशींच्या बिल्ल्याचा निकाल वरणात बुडत होता.

मी पातेल्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि ओरडले. खरोखर ओरडले. "प्लीज! सगळ्यांनी ताटावर हात धरा! असे!" मी भांडं खाली ठेवून दोन्ही पंजे हवेत आडवे करून दाखवले. आवाज घुमटाखाली फिरून माझ्याच कानात आला.

भिंतीच्या कडेनं सगळ्यांनी एकदम ट्रेवर हात धरले. पंजे खाली करून, अगदी स्तब्ध. निखिल पोळी हातात घेऊन जागच्या जागी थांबला. मावशींची पळी भाजीत राहिली. इतकी शांतता झाली की आर्चडीकनबाईंना ती प्रार्थनाच वाटली. त्यांनी हात तसेच ठेवून मान खाली घातली, थोडा वेळ थांबल्या आणि खोल आवाजात म्हणाल्या, "आमेन."

"आमेन," सगळं चर्च म्हणालं. इतक्या मनापासून म्हटलेलं आमेन मी त्यानंतर कुठे ऐकलेलं नाही.

उठायला मात्र कोणालाच जमेना. म्हणून सगळे बसल्या जागीच भिंतीला टेकले आणि आर्चडीकनबाईंनी विचारलं, "मिसेस कार्निक, एवढ्या वर्षांत मला कोणी नीट सांगितलं नाही. हे गोलच का बांधलं?"

मी मिस्टर टिल्बरींकडे पाहिलं. ते मावशींकडे बघत होते. मावशींनी हात पुसले, बिल्ला सरळ केला आणि सांगितलं. आई, पोळी, न मिळालेला गूळ, विसरलेलं जायफळ, आणि एवढंच आठवलं की गोल होतं. सगळ्यांच्या पोटात ती पोळी होती, त्यामुळे समजायला कोणाला जड गेलं नाही. आर्चडीकनबाई हसल्या नाहीत. त्या वळून म्हणाल्या, "मिस्टर टिल्बरी, तुम्ही मोजमापांतले जाणकार. हे बरोबर आहे?"

मावशी एकदम लहान दिसायला लागल्या. मी वरणाच्या भांड्याचा कान घट्ट धरला.

मिस्टर टिल्बरींनी कमरेचा पट्टा एक भोक सैल केला. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. "जेरुसलेमची मापं मी वाचलेली आहेत," ते सावकाश म्हणाले, "आणि इथली मी स्वतः घेतली आहेत. व्यास जुळत नाही. उंची जुळत नाही. खांबांची संख्या जुळत नाही. मला कायम वाटायचं की बांधणाऱ्यांनी चुका केल्या." त्यांना एक छोटा ढेकर आला, त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. "काटेकोरपणे सांगायचं तर मिसेस कार्निक यांचंच बरोबर दिसतं. हे आठवणीनं केलेलं आहे."

माझ्या प्रबंधासाठी मी पुढे पुष्कळ वाचलं, आणि मोठमोठे अभ्यासकही साधारण हेच म्हणतात की त्या काळच्या लोकांना नक्कल म्हणजे तंतोतंत माप अभिप्रेत नसे, मूळ जागेची आठवण झाली की पुरे होई. मी ते पोळीसकट लिहिलं. माझ्या मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, "स्रोत?"

बिल्ला राहिला. कमिटीत त्यावर चर्चाही झाली नाही, कारण कमिटी घरी जाऊन झोपली होती. फक्त मिस्टर टिल्बरींनी एक अट घातली. मिठी एकाच खांबाला मारायची, दारालगतच्या. "तो मूळचा नाही," त्यांनी समजावलं. "व्हिक्टोरियन लोकांनी दुरुस्तीत नवा बसवला. त्याला काय हवं ते करा."

"नकली आहे?" मावशींनी विचारलं. मग विचार करून म्हणाल्या, "असू दे. माझाही एक गुडघा नकलीच आहे. बरं जमेल आमचं."

पुढच्या वर्षी निखिलला जुळ्या मुली झाल्या आणि मावशी पिनरला राहायला गेल्या. जाताना रडल्या वगैरे नाहीत. बिल्ला परत देताना मिस्टर टिल्बरींना म्हणाल्या, "सांभाळून ठेवा. धुवायचं झालं तर गार पाणी." तिकडून मला फोन करतात. "घर चांगलं आहे गं, कॉलेज, पण चौकोनी. मला कोपऱ्यात बसवतात." मुलींचं कसं चाललंय विचारलं तर म्हणतात, "एक रांगते, दुसरी बघून रांगते. हुबेहूब नाही, पण गोल गोल फिरतात दोघी." मधूनच आवाज खाली आणून सांगतात, "झोपवताना रोज त्या चर्चचीच गोष्ट सांगते. थांबले की दोघी डोळे वटारून बघतात. मग पुढे काय झालं, असंच विचारतात त्या."

माझा प्रबंध पूर्ण झाला. बार्शीला परतायच्या आधी मी एका मंगळवारी शेवटचं चर्च बघायला गेले. आत कोणी दिसत नव्हतं. मी दारालगतच्या त्या नव्या, खोट्या खांबापाशी गेले आणि कोणी बघत नाही असं समजून दोन्ही हात पसरले. गाल दगडाला लावला. गार होता. एकट्या माणसाचे हात निम्म्यापुढे पोचत नाहीत, हे मला माहीत होतं, तरी मी लांब करून पाहिले.

तेवढ्यात पलीकडे खट् झालं.

पावलं वाजली, कोटाचं कापड दगडाला घासल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी घसा खाकरला. मग इतकी वर्षं खांबांमागे उभं राहून ऐकलेले ते दोन शब्द, अगदी मोजूनमापून, जड इंग्रजी जिभेनं आले.

"टेकली का?"

मी बोटं ताणली. त्यांची बोटं कुठे असतील ते दगडावरून चाचपलं. नव्हती टेकली. चांगलं चार बोटं अंतर राहिलं असेल, त्यांना संधिवात आहे.

"टेकली," मी म्हणाले.